बटण चालेना, साडूला बोलवेना

मी माझ्या साडूवर जळतो.

एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून मोकळा झालो.

पुसदच्या शाळेत मी गणित शिकवायचो. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढण्याचा अधिकार एकट्या माझ्याकडे होता (परत घालण्याचाही!). त्या पुण्याईवर सासरी मी ‘कॉम्प्युटरवाले जावई’ म्हणून बरीच वर्षं मिरवलो. कोणाचा मोबाईल अडला, कोणाचं रेल्वेचं तिकीट काढायचं असलं, की फोन मला. मग दिवाकरनं लॅपटॉप घेतला.

दिवाकर म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. महागावला कपाशी आणि सोयाबीन पिकवतो. शांत, हसरा, कष्टाळू. (अशा माणसावर जळायला फार मेहनत लागते!) कुठलाही क्लास न लावता तो गावातल्या पोरापोरींचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागला, तेही फुकट. सासूबाईंचा फोन पूर्वी ‘जावईबापू, जरा पाहता का’ असा सुरू व्हायचा. आता तो ‘आमचा दिवाकर’ असा सुरू होतो आणि ‘आमचा दिवाकर’ असाच संपतो. मध्ये कुठंतरी माझं बीपी विचारतात.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. आमच्या पल्लवीला कृषी पदवीला जायचं होतं. कोणतं कॉलेज आधी, कोणतं नंतर, ही पसंती प्रवेशाच्या वेबसाइटवर भरायची होती आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. पोरीनं वर्षभर डोळे फोडून अभ्यास केला होता. सकाळी कॉम्प्युटर लावला, तर ब्राउझर स्वतःहून अपडेट झालेला. वर एक चौकट आली, तिनं काहीतरी विचारलं आणि मी न वाचताच ‘होय’ दाबलं. (अनुभवी माणूस वाचत बसत नाही.) आणि काय सांगू, अख्खी वेबसाइट मराठीत!

“पाहा, अपडेटचा फायदा पाहा!” मी म्हणालो, जणू अपडेट मीच रांधून वाढला होता.

“बाबा, इथं ‘जन्म खजूर’ लिवलं आहे,” पल्लवी म्हणाली.

“डेट म्हणजे तारीख अन् खजूरही. भावार्थ घे.”

“अन् हे खाली ‘वाचवा’ काय आहे?”

ते सेव्हचं बटण होतं. म्हणजे पसंती भरा आणि ‘वाचवा’ दाबा, असा मामला. पण कॉलेजांची यादीच उघडेना. कितीही टिचक्या मारा, ती ढिम्म! ‘वाचवा’ दाबलं तर तेही गप्प.

“मी मोबाईलवर भरून पाहू का?” पल्लवीनं विचारलं.

“मोबाईलवर फॉर्म भरणं म्हणजे उभ्यानं जेवणं! सर तिकडं.”

मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायफायचा डबा बंद करून चालू केला. माउस उलटा करून त्याच्या पोटात फुंकर मारली. शेवटी तज्ज्ञ माणसाचं हुकमी वाक्य उच्चारलं, “सर्व्हर डाऊन हाये. सगळ्या महाराष्ट्रात बंद असन.”

सुनंदा स्वयंपाकघरातून आली. तिच्या कानाला फोन होता.

“अवो, सर्व्हर चालू हाये म्हणते. दिवाकरभाऊनं सकाळपासून चार पोरींचे फॉर्म भरले.”

“त्याले कायले फोन लावला?”

“लावला नाही. बहिणीचा आला होता. येऊ का म्हणून इचारून राह्यले ते.”

“बिलकुल नाही! मी काय मेलो का?”

चार पोरींचे! माझ्या छातीत जे काही झालं, त्याला डॉक्टर ॲसिडिटी म्हणतात. आता हे बटण म्हणजे पल्लवीच्या प्रवेशाचा प्रश्न राहिला नव्हता, माझ्या इज्जतीचा झाला होता.

कुठंतरी वाचलं होतं, की ब्राउझरमधला साठलेला कचरा काढला की वेबसाइट सुधारते. मी कचरा काढायला घेतला. यादी आली. थोडा काढू की सगळा? मी म्हटलं, साफसफाई करायची तर पूर्ण करावी. सगळ्यावर खुणा केल्या आणि दाबलं. कचरा गेला. त्याच्यासोबत प्रवेशाच्या वेबसाइटचा पासवर्ड गेला, विजेच्या बिलाचा गेला आणि सुनंदा जिच्यातून लोणच्या-पापडांच्या पाककृती शोधून काढायची, ती जुन्या पानांची यादीही गेली! (लोणच्यांचं मी तिला दिवाळीपर्यंत सांगितलं नाही.)

“बाबा, पासवर्ड?” पल्लवीचा आवाज रडवेला झाला.

पासवर्ड मी तिला सांगितला नव्हता. सुरक्षिततेसाठी! मग मलाही आठवेना. तो नवीन करण्यात पाऊण तास गेला. आत शिरलो, तर पुन्हा ‘जन्म खजूर’ आणि पुन्हा ढिम्म यादी.

मग मी शेवटचं शस्त्र काढलं. ब्राउझरच उडवला आणि नव्यानं टाकला. तीच चौकट आली, तोच प्रश्न, मी तसंच ऐटीत ‘होय’ दाबलं. खजूर!

चार वाजून गेले होते. पल्लवी माझ्याशी बोलायची थांबली होती. मी माउस सोडत नव्हतो, कारण सोडला तर काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. दिवाकर! पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना शेतातला चिखल, हातात कटुल्यांच्या रानभाजीची पिशवी.

“कपाशीची डवरणी सोडून आलो दादा. तुमी नको म्हटलं होतं, पण जीव राहेना.”

मी सुनंदाकडं पाहिलं. ती छताकडं पाहत होती.

“सर्व्हर...” मी सुरुवात केली.

“हो दादा, सर्व्हरबी हळूच चालून राह्यलं,” तो म्हणाला. (पाहिलंत? असा माणूस आहे तो!) पाय धुऊन तो खुर्चीच्या कडेवर बसला, पडद्याकडं पाहिलं आणि गालातल्या गालात हसला. “मायाइथंबी कालच असंच झालं. अपडेटनंतर हा ब्राउझर पानाचं भाषांतर करून राह्यला. भाषांतर झालं का याद्या उघडत नाहीत.”

त्यानं वरच्या कोपऱ्यातल्या एका चिन्हावर टिचकी मारली आणि मूळ भाषा निवडली. पान इंग्रजी झालं. खजुराची तारीख झाली, यादी सुळकन उघडली. माझे सहा तास, त्याच्या दोन टिचक्या!

पल्लवीनं पसंती भरली, सेव्ह केली. पाचला वीस मिनिटं बाकी होती. तिनं दिवाकरच्या हाताला धरून “काका!” एवढंच म्हटलं आणि ती रडायला लागली. मलाही भरून आलं. पण माझ्या भरून येण्यात निम्मा मत्सर होता.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. सुनंदानं स्पीकरवर टाकला.

“झालं का वं पोरीचं?”

“झालं आई,” दिवाकर पटकन म्हणाला. “दादानंच केलं सगळं. मी नुसता बाजूले बसून होतो.”

मी थक्क झालो. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पदरात काही पडत होतं, तेही त्याच्याच हातून. घ्यावं की न घ्यावं? मी घेतलं!

“हो आई,” मी घसा साफ करून म्हणालो, “मीच केलं.”



“जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “दिवाकर डवरणी सोडून कायले धावला, ते धाकटीनं मले सांगतलं हाये. खोटं बोलाचं त आमच्या दिवाकरवानी बोलावं. दुसऱ्याच्या भल्यासाठी!”

म्हणजे आता खोटं बोलण्यातही सासरी माझा नंबर दुसरा आहे. आणि जावई दोनच आहेत.