दाखल्यावरचं कुंकू

देवावर माझा विश्वास आहे हे मी चारचौघांत सांगतो, पण तो कसा बसला हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण त्या गोष्टीत माझी एक लबाडी आहे. आता वय झालं, लाजून तरी काय करायचं? मी मुळात भित्रा माणूस. लहानपणी विहिरीत डोकावायचं म्हटलं तरी मी मागे सरायचो. अशा माणसाने एकदा शाळेच्या दाखल्यावर लेखणी चालवली. त्यानंतरच्या एका सकाळी जी भीती भोगली, तेवढी पुढे आजारपणातही वाटली नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. आमचं गाव कोरीट. नंदुरबारला आत्याकडे राहून मी मॅट्रिक झालो आणि सुरतेच्या कॉलेजात जायचं ठरलं. कॉलेजचं छापील पत्रक आलं होतं. प्रवेशाचा अर्ज, त्यावर पालकाची सही, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला, देवी काढल्याचा, म्हणजे लस टोचल्याचा दाखला, हे सगळं घेऊन उमेदवाराने ठरल्या दिवशी जातीने हजर राहायचं. त्या दिवशी संध्याकाळी रजिस्टर बंद. शेवटी जाड ठशात लिहिलं होतं की दाखल्यात खाडाखोड आढळली तर प्रवेश मिळणार नाही, शिवाय उमेदवाराचं नाव विद्यापीठाला कळवलं जाईल. बाकीचं पत्रक विसरलो असेन, पण ती ओळ मला पाठ झाली होती.

निघायच्या दिवशी आईने सगळे कागद देवाऱ्यापुढे मांडले. आमच्याकडे घरात नवं काही आलं, मग ते वखर असो की बैलजोडी, हळदकुंकू लागल्याशिवाय ते आपलं मानत नाहीत. प्रकाश्याहून आणलेलं तापीचं पाणी कलशात होतं. त्यात कुंकू कालवून आईने सगळ्यात वरच्या कागदाला ओल्या बोटाने टिळा लावला आणि म्हणाली, "आते तुले कोनी आडावाव नई." मी नमस्कार केला, कागदांची घडी केली आणि स्टेशन गाठलं.

गाडीत, नवापूर मागे पडल्यावर, सहज घडी उघडली. टिळा शाळेच्या दाखल्यावर लागला होता. त्याचा ओघळ थेट जन्मतारखेवरून गेला होता आणि सालाचा शेवटचा आकडा फुटून त्याचा नुसता निळा डाग उरला होता. परत फिरावं तर उद्याचा दिवस हुकणार, आणि शाळेला सुट्टी असल्याने हेडमास्तर आपल्या गावी गेलेले. सुरतेच्या धर्मशाळेत उतरलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शेजारच्या प्रवाशाकडून टाक-दौत मागून घेतली आणि त्या डागावर आकडा लिहून टाकला. आकडा खराच होता, माझ्या जन्माचाच. पण शाळेची शाई निळी आणि ही काळी. आईच्या हातून कागद नुसता भिजला होता, तो खोटा केला मी.

सकाळी कॉलेजात रांगेला लागलो. खिडकीशी कारकून बसले होते, ते प्रत्येक दाखला उजेडाकडे धरून पाहत आणि मगच शिक्का मारत. माझ्या पुढे सात जण होते, मग पाच झाले, मग तीन. एकाच्या अर्जावर पालकाची सही नव्हती, त्याला त्यांनी सगळ्यांदेखत परत पाठवलं. मी मनातल्या मनात तापीमायला विनवत होतो की त्यांना तेवढा आकडा दिसू देऊ नकोस. देवाकडे काय मागावं आणि काय नाही, हेही मला कळत नव्हतं. माझा नंबर आला आणि मी रांग सोडून व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसलो. आता घरी जायचं आणि सांगायचं की जागा भरल्या, असं मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात पगडी घातलेले एक वयस्कर गृहस्थ बाकाखाली आपली विसरलेली छत्री शोधत आले. पेहरावावरून मारवाडी व्यापारी दिसत होते. माझ्याकडे पाहून ते थांबले. "काय व्हयनं रे भाऊ? कथाइन उना तू?" कुठून आलास, एवढंच त्यांनी विचारलं, पण त्या परक्या गावात आपली अहिराणी कानी पडली आणि मला रडूच आलं. ते आमच्याच भागातल्या खापर गावचे कापड दुकानदार निघाले, पुतण्याचं नाव घालायला आले होते. मी दाखला त्यांच्या हातात दिला. त्यांनी कुंकू पाहिलं, मग आकडा पाहिला.

"मायनी कुकू लावं, आनी आकडा तू लिखा. बरोबर?"

मी मान हलवली.

"मंग हाईच जाईसन सांग. मी तुन्हासंगे येस."

"माले भ्याव लागस, शेठ."

"लागू दे. भेत भेत सांग."

मी पुन्हा रांगेत उभा राहिलो, शेठ सोबत आले. कारकुनांनी हात पुढे करायच्या आतच, भीत भीत, सगळं सांगून मोकळा झालो. कागद घेऊन ते आत प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेले, मग मलाही बोलावलं. साहेबांनी कुंकवावर बोट घासून पाहिलं, अर्ज वाचला, मॅट्रिकचे गुण पाहिले. तो वेळ मी कसा काढला ते मला आठवत नाही. शेवटी ते म्हणाले की आकडा लपवून कागद पुढे केला असतास तर मी तुला घेतलं नसतं. पंधरा दिवसांत हेडमास्तरांकडून नवा दाखला आण, तोवर नाव कच्चं लिहून घेऊ. पण तुझी हमी एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने लेखी दिली पाहिजे.

या शहरात माझं होतं कोण? मी खाली मान घालून बाहेर आलो. शेठ दाराशीच उभे होते. हमीची अट ऐकून ते आत गेले, कोरा कागद मागून घेतला आणि लिहायला बसले. पहिली ओळ लिहून लेखणी थांबली. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुन्हं नाव काय रे?"

माझं नाव ठाऊक नसताना त्यांनी माझ्यासाठी लेखणी उचलली होती. सही करून ते बाहेर आले तेव्हा मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी हात धरून उठवलं आणि पुतण्याला घेऊन निघून गेले.

नवा दाखला मुदतीत आला आणि माझं नाव पक्क्या रजिस्टरात चढलं. नोकरी लागल्यावर आभार मानायला मी खापरला गेलो. शेठ वारले होते. पुतण्याला माझा चेहरा अंधुक आठवत होता, पण हमीची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. काकांनी ती घरी कुणालाच सांगितली नव्हती.

तापीमायने तो माणूस धाडला की तो आपसूक आला, हा वाद मी घालत नाही. मी तिच्याकडे झाकण मागितलं होतं, तिने माझा हात धरणारा माणूस दिला. शरण जायचं तर आधी भीती जायला हवी, असं मला वाटायचं. माझी तर आजही गेलेली नाही. रोज संध्याकाळी हात जोडतो तेव्हा दिवसभराच्या चुका आधी सांगतो, भीत भीतच सांगतो, आणि मग झोप चांगली लागते.