कंसमावशीची नवी आवृत्ती

माझ्या मावशीला तिच्या कामावर सगळे कंसमावशी म्हणतात. कंस हा मामा असतो, मावशी कशी, असं नवीन माणूस विचारतोच. उत्तर साधं आहे. प्रोग्रॅममध्ये कुणी कंस उघडला आणि बंद करायला विसरला, तर मावशीला तो लांबूनच दिसतो. "तिसऱ्या ओळीत दार उघडं राहिलंय बघ," एवढं बोलून ती पुढे निघूनही जाते.

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करते. पाण्यातलं क्लोरीन, गढूळपणा, असले आकडे तिच्याकडे रोज ढिगाने येतात. ते हाताने जुळवून जुळवून वैतागली, तेव्हा ती प्रोग्रॅम लिहायला शिकली. त्यातच तिला एक शेल सापडला. शेल म्हणजे संगणकाशी गप्पा मारायची खिडकी. आपण एक ओळ लिहायची, त्याने लगेच उत्तर द्यायचं, मग पुढची ओळ. प्रोग्रॅम लिहायच्या भाषेबरोबर फुकट मिळणारी खिडकी अगदीच रुक्ष. हा शेल तिची सुधारलेली बहीण होता. शब्दांना रंग द्यायचा, अर्धवट नाव पूर्ण करायचा, कालची ओळ आज परत काढून द्यायचा आणि चूक कुठे झाली तेही दाखवायचा. तो कुणाच्या मालकीचा नव्हता. जगभरातली हौशी माणसं मिळून तो सांभाळत. मावशीने आधी त्यातल्या बारीकसारीक चुका दुरुस्त केल्या. मूळ कर्त्याला दुसरे व्याप लागले तेव्हा त्याने कारभार तिच्या गळ्यात घातला, आणि तिने तो हौसेने मिरवला. सकाळी कामावर जायच्या आधी ती तास दोन तास त्यात डोकं घालून बसायची. काका म्हणायचे, "आमच्या घरात मला सवत आहे, पण बिचारी जेवायला मागत नाही."

त्या वर्षी मोठी नवी आवृत्ती यायची होती. तिचं मुख्य आकर्षण म्हणजे अंदाज. तुम्ही दोन अक्षरं टाइप केलीत की पुढची सगळी ओळ फिकट करड्या रंगात आपोआप उमटणार. पटली तर घ्या, नाहीतर लिहीत राहा. हे काम शेलच्या कारभारातल्या मावशीच्या जोडीदाराने केलं होतं. तो समुद्रापलीकडे राहायचा, दोघं कधी भेटले नव्हते. फोटोवरून आम्ही त्याला दाढीवाला म्हणायचो. चाचणीसाठी आवृत्ती खुली केली आणि कौतुकाचा पाऊस पडला.

मग सरांचा निरोप आला. सर एका महाविद्यालयात सांख्यिकी शिकवत. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने ते हाच शेल वर्षानुवर्षं वापरत होते. नवी आवृत्ती आपल्याला वापरताच येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मावशीने त्यांना फोन केला. मी समोर बसून शेंगा सोलत होते.

"सर, मग जुनीच वापरा ना," मावशी म्हणाली. जरा तोडूनच म्हणाली.

"वापरेन. पण बाकीचं जग नवीवर गेलं की जुनीकडे कोण बघणार? थांबा, तुम्हीच ऐका."

त्यांनी फोन संगणकाजवळ धरला आणि टाइप करायला लागले. वाचणारा आवाज सुसाट सुटला. सरांनी दोन अक्षरं लिहिली, तर आवाजाने अख्खी ओळ म्हणून दाखवली. तिसरं अक्षर लिहिलं, तर वेगळीच ओळ. मग चूक झाली आणि चुकीखालच्या खुणा तो एकेक करून वाचू लागला: बाण, बाण, बाण, बाण. मला हसू फुटलं. मावशीने डोळे वटारले.

"फिकट रंग तुम्हाला दिसतो," सर म्हणाले. "आवाजाला फिकट बोलता येत नाही. त्यामुळे मी काय लिहिलं आणि यंत्राने काय ठोकून दिलं, हेच मला कळत नाही."

मावशीने ते जवळच्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "चुकलंच आमचं. मला थोडा वेळ द्या."

दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावर जुनी चादर टाकली, तो वाचणारा प्रोग्रॅम चालू केला आणि रोजचं काम तसंच करायला बसली. पहिल्या दिवशी तिला एक बेरीज धड जमली नाही. उघड्या कंसासाठी प्रसिद्ध असलेली बाई स्वतःच कंस बंद करायला विसरली, आणि कुठे विसरली ते तिला सापडेना. "मला येतं म्हणजे काय, तर मला दिसतं!" ती चिडून म्हणाली. काका चादरीचं टोक उचलायला गेले तर त्यांच्या हातावर चापट बसली.

आठवडाभर ती तशीच बसली. हळूहळू तिला कळत गेलं. ऐकणाऱ्याला आधी चूक काय ते हवं, मग कुठे ते. बाण नकोत, शब्द हवेत. अंदाजाने विचारल्याशिवाय तोंड उघडू नये. जी गोष्ट नुसत्या रंगाने सांगितली जाते, ती सांगितलेलीच नाही असं समजावं.

तिने आवृत्ती पुढे ढकलली. दाढीवाला भडकला. "सगळे वाट बघतायत, आणि मूठभर लोकांसाठी आपण थांबायचं?"

मावशी भांडली नाही. "तुझं काम सुंदरच आहे," ती म्हणाली. "फक्त एक कर. पडदा झाक आणि तुझ्याच शेलमध्ये सरासरी काढून दाखव."

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "पहिल्या ओळीच्या पुढे गेलो नाही. अंदाजाचं मी बघतो, चुकांचं तू बघ."

मग दोघं कामाला भिडले. सर रोज तपासायचे आणि मुळीच भीड ठेवायचे नाहीत. "हे बरं आहे," असं म्हणाले की मावशी दिवसभर खुशीत. शेवटी शेल पहिल्यांदा उघडताना एकच प्रश्न विचारू लागला: बघून वापरणार की ऐकून? ऐकून म्हटलं की अंदाज गप्प, आणि चूक झाली तर सरळ वाक्य: कंस बंद नाही, तिसरी ओळ. हे वाक्य सगळ्यांना इतकं आवडलं की बघणाऱ्यांसाठीही तेच ठेवलं.

एका रविवारी दुपारी नवी आवृत्ती बाहेर पडली. मावशीने बटण दाबलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत तक्रार आली. जुन्या संगणकांवर शेल उघडतच नव्हता, एक फाइल जोडायची राहिली होती! मावशीने कपाळाला हात लावला, परत बसली आणि संध्याकाळच्या आत दुरुस्त आवृत्ती काढली. पहिल्याच दाराशी प्रश्न कशाला, म्हणून काही जण कुरकुरले, एक दोघं सोडूनही गेले. मावशीने त्यांनाही नीट उत्तरं लिहिली, पण प्रश्न काही काढला नाही.

सरांनी पुढच्या सत्रात सगळ्या वर्गाला हाच शेल लावला. कारभाऱ्यांच्या यादीत आता मावशी आणि दाढीवाल्याबरोबर त्यांचंही नाव आहे, आणि त्यांचा होकार आल्याशिवाय एकही आवृत्ती निघत नाही. मावशी त्यांना फार कडक माणूस म्हणते. परवा ते फोनवर तिला काहीतरी सुनावत होते, आणि ती पदराने चष्मा पुसत, "हो सर, हो सर, बदलते," म्हणत होती. इतकी आनंदात मी तिला क्वचित पाहिलीय.