उसनी जीभ

निजामाच्या अमलात तेरजवळच्या एका गुऱ्हाळावर मला एक म्हातारा गुळव्या भेटला, आणि त्यानं चक्क माझी जीभ वापरायला घेतली!

हैदराबादेत गळ्याच्या गाठीवर रेडियमचा शेक घेऊन तो परतला होता. गाठ गेली, पण लाळ आणि चवही गेली. जबड्याखालची कातडी काळी पडलेली. दर दोन शब्दांनंतर तो तांब्या ओठांना लावी. रसात चुना जास्त पडला की गुळाची चव बिघडते, आणि ती चाखल्याशिवाय कळत नाही. मालकाला हे समजलं असतं, तर म्हाताऱ्याचं काम सुटलं असतं. म्हणून मालक पाठमोरा होताच त्यानं माझ्या तोंडात गुळाचा खडा ठेवला.

गूळ फर्मास होता. मला खोडी सुचली. "थू! नुसता चुना!" मी तोंड वेंगाडलं.

तो हसला, तेव्हा त्याचे ओठ दातांना चिकटून राहिले. "पावनं, तोंडावर म्या इस्वास ठेवत न्हाय." दोन थंड बोटं माझ्या गळ्यावर आली. "गिळा."

मी घोट गिळला. समोर त्याचा कोरडा गळाही तस्साच हलला.

"मालक, लई ग्वाड झालाय!" तो ओरडला.

आणि माझ्या तोंडातला खडा एकदम मातीसारखा बेचव झाला.