निळी लाट आणि चौदा टक्के

विजेवरची गाडी घ्यायची ठरली तेव्हा मुलगा बंगळुरूहून दोन दिवसांसाठी आलेला होता. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका शोरूममध्ये तो आम्हाला घेऊन गेला. नवरा गाडी चालवत नाही, चालवते मी, तीही पन्नाशीनंतर शिकलेली. म्हणून विक्रेत्या मुलीने गाडीचं ॲप उघडून फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर एका तळ्याकाठी संध्याकाळ होती आणि तिथे हीच गाडी उभी होती. बोट फिरवलं की गाडी फिरायची, दिवे लुकलुकायचे, पाण्यात तिचं प्रतिबिंब हलायचं. चार्जिंगला लावली की तिच्याखालून एक निळी लाट वाहते, असं त्या मुलीने दाखवलं. मी ती गाडी तीन-चार वेळा फिरवली.

आदल्या दिवशी आम्ही दुसऱ्या कंपनीची गाडी बघून आलो होतो. तिच्या ॲपवर पांढऱ्या पडद्यावर काळ्या ठळक अक्षरांत एक आकडा आणि खाली दोन ओळी, एवढंच होतं. मी हसून म्हणाले होते, "हे काय, विजेचं बिल वाटतंय." मुलगाही हसला. आम्ही तळ्याकाठची गाडी घेतली.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युतधारा, विभवांतर, अमीटर, सगळं. प्रयोगशाळेत मुलं चकचकीत उपकरणासाठी भांडायची, तेव्हा मी सांगायचे की उपकरणाचं रूप बघू नका, त्यावरचं वाचन बघा. हे मी इतक्या वर्गांना सांगितलं आहे की अजूनही वर्तकनगरच्या बाजारात एखादा जुना विद्यार्थी भेटला की तेच वाक्य मला ऐकवतो.

ॲप कसं वापरायचं ते मुलाने जायच्या घाईत एकदा सांगितलं. पडदा वर सरकवला की काहीतरी दिसतं, असं तो म्हणाला. मी "हो हो, कळलं" म्हटलं. नीट कळलं नव्हतं. पुन्हा विचारायची लाज वाटली. विज्ञानाच्या बाईंना चार्जिंग कळत नाही, हे पोटच्या मुलालाही कशाला कळू द्यायचं? मग मी माझा अर्थ लावला, की लाट जितकी वर तितकं चार्जिंग जास्त. बिल्डिंगमधल्या बायका आल्या की मी त्यांना ती लाट दाखवायचे. त्याही "किती सुंदर" म्हणायच्या. पार्किंगमध्ये चार्जर होता, मी रोज संध्याकाळी वायर लावायचे, सकाळी गाडी भरलेली असायची. त्यामुळे माझा अर्थ चुकीचा आहे हे कळायला काही कारणच नव्हतं.

माझी मोठी नणंद ठाकुर्लीला राहते. मे महिन्यात तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, ठाण्यातल्या हॉस्पिटलमध्ये. तिची मुलगी कॅब करणार होती. मी म्हटलं, कॅब कशाला, मी गाडी घेऊन येते, ताईंना दारातून दारात नेते. भाचीने नंतर पुन्हा एकदा फोन करून विचारलं, की मामी, नक्की ना, नाहीतर मी बुक करते. मी जरा रागानेच तिला नको म्हणून सांगितलं.

त्या सकाळी चहा घेताना ॲप उघडलं. लाट छान वाहत होती, गाडीच्या खिडक्यांपर्यंत. आम्ही दोघं खाली गेलो. गाडी सुरू केली आणि समोरच्या पडद्यावर चौदा टक्के दिसलं. आदल्या संध्याकाळी गाडी जवळजवळ रिकामी करूनच मी लावली होती. नंतर कधीतरी मीटर रूममधला आमचा स्विच पडला होता. वायर लावलेली, वीज नाही. मी पुन्हा फोन बघितला. वायर जोडलेली होती म्हणून लाट वाहतच होती. तिच्या खाली, फिक्या निळ्यावर पांढऱ्या बारीक इंग्रजी अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. चष्मा लावून, फोन नाकाजवळ आणून वाचलं. चार्जिंग थांबलं आहे, असं लिहिलं होतं.

नवरा म्हणाला की आपण ताईला फोन करू, कॅब मागवू दे, अजून वेळ आहे. तेव्हा खरोखर वेळ होता. पण भाचीला मी काय सांगणार होते? मी म्हटलं, ठाकुर्लीपर्यंत सहज जाते, तिथे आसपास चार्जिंग करू अर्धा तास. त्याला त्यातलं कळत नाही, तो गाडीत बसला.

मुंब्रा बायपासला ट्रक तुंबले होते. मी एसी बंद केला. नवऱ्याने खिडकी खाली केली आणि रुमालाने मान पुसत राहिला. शीळफाट्याला एक आकडी टक्के राहिले. ठाकुर्लीला पोहोचलो तेव्हा ताई फाईल मांडीवर घेऊन बिल्डिंगच्या खाली खुर्चीवर बसल्या होत्या, धुवून इस्त्री केलेली साडी, डोळ्यांत सांगितलेले थेंब घातलेले. शुगर असल्यामुळे त्यांनी हलकं काहीतरी खाल्लं होतं, आणि ऑपरेशन झाल्यावर लगेच जेवायचं होतं. गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "एसी लाव गं जरा, डोळ्यांत घाम जातोय."

मी म्हटलं, "ताई, मला सर्दी झालीय."

हे वाक्य मी बोलले. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या बाईशी.

ॲपमध्ये नकाशा होता, तोही सुंदर, काळ्या रंगावर सोनेरी ठिपके. कल्याण-शीळ रोडवर एक ठिपका चमकत होता. भाची मागे बसली होती, तिने मला विचारलं की मामी, हे ठिकाण चालू आहे का, तसं कुठे लिहिलंय? मी म्हटलं, चमकतंय ना, म्हणजे चालू. तिथे गेलो. पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात चार्जिंगचं यंत्र होतं, त्यावर ताडपत्री बांधलेली. पंपावरच्या माणसाने सांगितलं की ते बरेच दिवस बंद आहे. मी गाडी पुन्हा रस्त्यावर काढली, ती थोडी पुढे गेली, मग तिचा जोर गेला आणि ती कडेला थांबली. मागून हॉर्न वाजायला लागले.

भाचीने कॅब बुक केली. ती यायला वेळ लागला. ताई पदराने वारा घेत उन्हात उभ्या होत्या, नवरा त्यांच्यावर वर्तमानपत्र धरून. कॅब आली तेव्हा भाची फक्त एवढंच म्हणाली, "मामी, मी विचारलं होतं." ताईंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि तिला आत बसायला सांगितलं. नवरा त्यांच्याबरोबर गेला.

मी टोइंगच्या गाडीची वाट बघत राहिले. मुलाचा फोन आला. त्याच्याही फोनवर आमची गाडी दिसते. तळ्याकाठची गाडी रस्त्यावर का थांबलीय, म्हणून त्याने केला असेल असं मला वाटलं, पण त्याला वडिलांनी कळवलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, पडदा सरकवायचं कळलं नव्हतं, तेसुद्धा. तो म्हणाला, "आई, सकाळी मी पण बघितलं होतं. लाट चालू दिसली, मला वाटलं झालं चार्जिंग." त्याचा धंदाच सॉफ्टवेअरचा. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ताई उन्हात उभ्या राहिल्या त्या माझ्यामुळे, त्याच्यामुळे नाही.

ताईंचा नंबर निघून गेला होता. डॉक्टरांनी त्यांना सगळ्यांच्या शेवटी घेतलं. मी पोहोचले तेव्हा तिसरा प्रहर उलटला होता, त्या एका डोळ्यावर पट्टी लावून पलंगावर बसल्या होत्या आणि भाची त्यांना मऊ भात भरवत होती. शुगर थोडी खाली गेली होती, त्यांना चक्कर आली होती, हे मला नवऱ्याने बाहेरच सांगितलं होतं.

मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "ताई, मला सर्दी नव्हती. सकाळीच गाडीत चार्जिंग नव्हतं. मला ते ॲप वाचताच येत नाही."

भाची चमचा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. ताई म्हणाल्या, "अगं, मी दोन वर्षं पेपर नुसता धरून बसायचे. पानं उलटायचे. दिसत नाही हे हिला कळू नये म्हणून." आणि त्यांनी भाचीकडे मान वळवली. भाचीला हे माहीत नव्हतं. तिचे डोळे भरले. तिने उरलेला भात तसाच बाजूला ठेवला आणि ती पाणी आणते म्हणून बाहेर गेली.

मी कंपनीला लिहिलं. आकडा पहिल्याच पडद्यावर द्या, मोठा द्या, आणि बंद पडलेली चार्जिंगची ठिकाणं तशी दाखवा. त्यांचं उत्तर फार नम्र होतं. पुढच्या महिन्यात ॲप बदललं, तळ्याऐवजी आता डोंगर किंवा समुद्रकिनाराही निवडता येतो. आकडा जिथे होता तिथेच आहे, पडदा वर सरकवल्यावर. मुलाने व्हिडिओ कॉलवर सगळं पुन्हा समजावलं, मी मधे थांबवून तेच तेच विचारलं आणि लिहून घेतलं. त्याला जरा कंटाळा आला, पण त्याने सांगितलं. तरी निघायच्या आधी मी खाली जाऊन आकडा गाडीतच बघते.

ताईंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख आली तेव्हा भाचीने मला फोन केला, आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की कॅब बुक केली आहे. आवाजात राग नव्हता. मला लागलं. मी बरं म्हटलं, आणि त्यांना डब्यात काय चालेल ते विचारलं. त्या दिवशी मी रिक्षाने त्यांच्या आधीच हॉस्पिटलमध्ये जाऊन बसले. मुगाची खिचडी होती, थोडं लिंबाचं लोणचं. ताई आल्या, लांबूनच मला त्यांनी ओळखलं आणि हात केला. मी उठून त्यांची फाईल घेतली.