अक्काच्या उरलेल्या गोळ्या

कॅन्सर हॉस्पिटलच्या फाटकासमोर दारूचं दुकान आहे. परवा तिथे एकाने पैसे दिले, बाटली पिशवीत टाकली आणि चालू लागला. त्याला कुणी काही विचारलं नाही. मी अक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, मॉर्फीनच्या उरलेल्या गोळ्या परत करायला आले होते. अक्का गेल्या आठवड्यात गेली.

या गोळ्या आमच्या गावात मिळत नाहीत. औषधवाला म्हणाला होता, "ताई, ते नशेच्या यादीत येतं, आम्ही ठेवतच नाही." नशा कुठली आणि औषध कुठलं, हे कायदा ठरवतो. एकाच झाडाचं पान काही राज्यांत सरकारमान्य दुकानात भांग म्हणून विकतात, त्याचाच शेंडा गांजा म्हणून तुरुंगात नेतो. शेजारच्या राज्यात पाऊल टाकलं की फाटकासमोरच्या दुकानातली बाटलीसुद्धा गुन्हा ठरते. असल्या यादीचा धाक कुणाला वाटावा, तर अक्काला.

हाडांच्या दुखण्याने ती कण्हत असायची. गोळी पुढे केली की विचारायची, "सवय तर लागणार नाही ना गं?" डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. ती मान डोलवून गोळी हातात घ्यायची. ती गेल्यावर उशीच्या अभ्र्यात त्या गोळ्या सापडल्या.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या माणसाने त्या मोजून घेतल्या. "परत आणल्यात ते बरं केलंत," तो म्हणाला. "चुकीच्या हातात पडायला नकोत."

योग्य हातातच पडल्या होत्या त्या. तिथून तोंडापर्यंत गेल्या नाहीत.