सावडीबाहेरचं खाचर

गुडघ्यांनी नाही म्हटलं तेव्हा शेतीतून उठायचं ठरलं. ते मी नाही, मुलानं ठरवलं. तो पुण्यात कंपनीत आहे आणि त्याला कशाचेही तक्ते करायची खोड आहे. "आबा, सगळं एकाच जागी अडकवून ठेवायचं न्हाई. थोडं हितं, थोडं तितं," म्हणत त्यानं माझ्या आयुष्याच्या वाटण्या केल्या. खालची तीन भातखाचरं पाच वर्षांच्या करारानं एका नर्सरीवाल्याला. तो माणसं त्याची आणणार. शेळ्या वरच्या वाडीतल्या धनगराकडे, करडं निम्मी त्याची, निम्मी आमची. बैल वेल्ह्याकडच्या एकाला विकले, ते पैसे भोरला बँकेत. घराखालचं एक खाचर मात्र मी सोडलं नाही. वर्षभर भात खायचा तो त्यातलाच, हा माझा हट्ट.

तक्त्यात सगळं होतं, फक्त सावड नव्हती. मुलाला तरी काय बोलू? चाळीस वर्षं सावडीत राबलेल्या माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

आमच्याकडे लावणीला मजूर मिळत नाही. आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या, अशी दहा-बारा घरं मिळून काम उरकतात. ज्याचं खाचर, त्याच्या घरी जेवण. बैलजोडी घेऊन गेलं तर एका दिवसाचे तीन दिवस धरतात. फक्त ज्या घरातला कर्ता पुरुष त्या वर्षी वारला असेल, तिथे कोणी फेडीचे दिवस धरत नाही. तिथे सगळे न बोलावता जातात, आणि त्या घरावर रांधायचा भार नको म्हणून भाकरी आपापली बांधून नेतात. मीही दोनदा तशी नेली आहे.

यंदा चिखलणी भाड्याच्या टिलरनं झाली. पण लावणीला कोणी येईना. रोपाचे शेंडे पिवळे पडायला लागले. आणखी आठवडा गेला असता तर ते उपटून जनावरांपुढे टाकायच्या लायकीचं राहिलं असतं, आणि जनावरंही आता नव्हती. बायको रोज सकाळी विचारायची, "आज येतंय का कोन?" मी तिच्यावरच खेकसायचो.

शेवटी शेजाऱ्याकडे गेलो. सावडीचं तोच बघतो. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो.

"आमच्या खाचराचं कसं करायचं?" मी विचारलं.

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "समदी इचारत्यात दादा, तुमचं दीस फिटायचं कसं? तुमास्नी वाकवत न्हाई, बैलं न्हाईत."

"मग पैसे घ्या की! माझ्याकडे आहेत आता."

"सावडीत पैसं घेत न्हाईत. ह्ये तुमाला म्या सांगावं व्हय?"

मी तणतणत घरी आलो. राग त्याचा नव्हता, माझाच होता. जेवण गेलं नाही. या गावाला गरज होती ती माझ्या बैलांची आणि कमरेची, आणि दोन्ही मी गमावून बसलो, हे तेव्हा कळलं आणि भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाचरात माणसं दिसली. चांगली चौदा होती. कोणी हाक मारली नव्हती. मला इतका आनंद झाला की दुखरे गुडघे घेऊन मी बांधापर्यंत जवळजवळ धावलो. बायकोनं मोठं पातेलं काढलं, चुलीवर भात चढवला, सुकट भाजली. मी बांधावरून उगाच सूचना करत होतो, "रेघ सरळ धरा, दाट लावू नका," आणि सगळे हो हो करत होते. एरवी माझं असं कोणी ऐकून घेतलं नसतं. दुपारपर्यंत खाचर हिरवं झालं.

"चला, जेवाया चला समदी," बायकोनं अंगणातून हाक दिली.

कोणी उठलं नाही. शेजारी हात धुता धुता खाली बघत म्हणाला, "वहिनी, आमी आणलंय."

आणि बांधावर ओळीनं बसून सगळ्यांनी फडकी सोडली. प्रत्येकाच्या फडक्यात घरून बांधून आणलेली भाकरी होती.

बायको खाली आली. तिनं त्या फडक्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. आणि लग्नाला चाळीस वर्षं होऊनही चारचौघांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. माझ्याजवळ येऊन माझा हात घट्ट धरून उभी राहिली.