तांबड्याच्या गळ्यातलं लोढणं

सासरी येताना मी माझ्यासोबत एक कोंबडी आणली होती. माहेर परतवाड्याकडचं. पाठवणीच्या वेळी आईनं बांबूचं डालगं हातात दिलं, आत ही कोंबडी, आणि म्हणाली, "हे तुयं. कोनाले देऊ नोको." मोटारीत कंडक्टर डालगं टपावर टाका म्हणून हटून बसला. मी म्हटलं, "मंग मले बी टपावरच टाका." नवी नवरी एवढं बोलते म्हटल्यावर आमचे हे खिडकीबाहेर बघू लागले. कोंबडी अमरावतीपर्यंत माझ्या मांडीवर आली.

तोंडानं मी पहिल्यापासून अशीच. त्याचा मला काही पश्चात्ताप नाही.

साठ सालच्या आसपासची ही गोष्ट. आमचं घर अमरावतीच्या अगदी कडेला होतं. आमच्यासारख्यांची थोडी घरं, पुढं एक मोठा लिंब, आणि घरांच्या मागं एकाच माणसाचा मळा. कोबी, मेथी, मिरची, बांधावर झेंडू. आमचं अंगण आणि तो मळा यांच्यामध्ये तुराट्यांचा कूड, तोही जागोजागी मोडलेला. हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. घरात आम्ही दोघं आणि सासू, जिला मी मामी म्हणायची. घरातलं सगळं मामींचं. चूल त्यांची, भांडी त्यांची, दारातली बकरी त्यांची, आणि मुलगा तर त्यांचा होताच. माझी म्हणावी अशी एकच वस्तू त्या घरात होती, ती कोंबडी. तिची अंडी, तिची पिल्लं, तिच्या पिल्लांची पिल्लं. सकाळी उठून डालगं उचललं की त्या सगळ्या माझ्या पायांत यायच्या. तेवढ्यापुरतं मला मालकीण झाल्यासारखं वाटायचं.

मळेवाल्याकडं दोन कुत्रे होते. एक तांबडा, चांगला बकरीएवढा, आणि एक काळा. काळा भित्रा, तांबड्याच्या मागं मागं शेपूट हलवत फिरणारा. रात्री मळा राखायचे आणि दिवसभर मोकाट. एका दुपारी तांबडा कूड फोडून आत आला आणि माझ्या डोळ्यांदेखत एक तलंग, नुकती अंड्यावर येऊ घातलेली कोंबडी, उचलून गेला. मग त्याला चटकच लागली. पावसाळा संपेपर्यंत अंगणात पिसंच पिसं. शेवटी माहेरची ती एक कोंबडी तेवढी उरली, तीही चूल पेटली की चुलीमागं जाऊन बसायची म्हणून.

मी मळेवाल्याकडं गेले. वयानं मोठा माणूस, सगळी वस्ती काकाजी म्हणायची. लिंबाखाली बसला की सगळे त्याचं ऐकायचे. बाजेवर पानाला चुना लावत म्हणाला, "सूनबाई, कुत्रं हाय ते. कोंबडी दिसली तं धावनच. तुमी आपल्या कोंबड्या झाकून ठेवा नं."

झाकून ठेवा! कोंबडी काय लोणच्याची बरणी आहे?

घरी येऊन मी आदळआपट केली. हे म्हणाले, "त्याईच्या विहिरीचं पानी भरतो आपन. वस्तीत नवे हाओत. गप राय." तेवढ्यात कोंबडी खुडूक झाली आणि मी तिच्याखाली अंडी ठेवली. ते पाहून यांनी निकालच लावला. "ही शेवटची खेप. हे पिल्लं बी कुत्र्यानं नेले तं कोंबडी कापून टाकू. रोजची कटकट नोको." मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान हलवली. झालं! माझी कोंबडी, माझ्या आईनं दिलेली, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी पदर खोचला आणि ठरवलं, एकही पिल्लू जाऊ द्यायचं नाही.

पिल्लं निघाली. पिवळी, काळी, ठिपक्यांची. दिवसभर डालग्याखाली ठेवली तर ती उकरणार काय आणि खाणार काय? बाहेर काढावीत तर कुडाच्या भगदाडातून तांबड्याचं नाक.

पहिला उपाय मी फार हुशारीनं केला. एक अंडं फोडलं, बलकात मूठभर भिवापुरी मिरचीचं तिखट कालवलं, ते टरफलात भरून कुडाशी ठेवलं आणि दाराआड उभी राहिले. आता बघ म्हटलं लेकाच्या, जन्मभर कोंबडीचं नाव काढणार नाहीस. तांबडा आला. वास घेतला. एका घासात सगळं गिळलं, टरफल चाटलं, टरफलाखालची माती चाटली, एकदा शिंकला आणि माझ्याकडं बघत शेपूट हलवू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच जागी येऊन बसला.

मामी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अवं भैताड, दर आइतवारी काकाजीच्या घरी मटन शिजते. लहानपनापासून रश्शात भिजवलेली भाकर खाऊन राहिला तो. त्याले तुया तिखटाचं काय?" खरंच की. वऱ्हाडात जन्मून वऱ्हाडच्या कुत्र्याला तिखटानं भिववायला निघाले होते मी!

त्याच आठवड्यात काकाजी आमच्या अंगणात आले, आणि ते कशाला आले हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. त्यांच्या मळ्यात गुरं शिरायची, बकऱ्या शिरायच्या. म्हणून त्यांनी लिंबाखाली सगळ्यांना बसवून एक नियम ठरवून घेतला होता. "जे जनावर मोकाट सुटन अन् दुसऱ्याचं नुकसान करन, त्याच्या गळ्यात लोढनं पडन. ज्याचं नुकसान झालं तोच बांधन अन् तोच सोडन. मालकानं मधात बोलाचं नाही." लोढणं म्हणजे गळ्यात दोरीनं लटकवलेला लाकडाचा ओंडका. जनावराला चालता येतं, चरता येतं, पण धावायला गेलं की ओंडका पुढच्या गुडघ्यांवर आपटतो. मामींच्या बकरीनं कोबीचे चार गड्डे कुरतडले, तेव्हा काकाजींनी स्वतः येऊन तिच्या गळ्यात बाभळीचा ओंडका अडकवला होता. बकरी कितीतरी दिवस ठकठक करत फिरली. मामी मनातल्या मनात जळल्या, पण नियम तो नियम.

तर आता काकाजी लोढणं सोडायला आले होते. बकरीची शिक्षा संपली. दोरी सोडता सोडता मामींना म्हणाले, "वैनी, जनावर मोकाट ठेवू नाही. दुसऱ्याले तरास होते." आणि ते हे बोलत असताना तांबडा त्यांच्या मागं उभा राहून, जीभ बाहेर काढून, माझ्या डालग्याकडं बघत होता!

मी मामींकडं पाहिलं. मामींनी माझ्याकडं पाहिलं. काकाजी गेले. मामींनी तो ओंडका उचलला, चुलीत घालायला म्हणून दोन पावलं गेल्या, थांबल्या आणि परत येऊन माझ्या पुढ्यात ठेवला.

"जरा तासून घे," त्या म्हणाल्या. "कुत्र्याले जड होईन."

लग्न झाल्यापासून मामींनी माझ्या हातात आपणहून दिलेली ही पहिली वस्तू. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली. मारली नाही, पण वाटली.

ओंडका मी विळ्यानं तासला. आता बांधायचा कसा? त्याची तजवीज तांबड्यानंच करून ठेवली होती. तो माझ्या तिखटावर लोभावलेलाच होता. रोज सकाळी रश्शात भिजवलेल्या भाकरीचा तुकडा घेऊन मी कुडाशी बसायची. आधी तुकडा टाकायचा, मग हातावर द्यायचा, मग खाताना मानेवरून हात फिरवायचा. खरं सांगते, कुत्रा गुणी होता. माझ्या कोंबड्या खाल्ल्या नसत्या तर मी त्याला घरी ठेवून घेतलं असतं.

रविवार उजाडला. रविवारी सकाळी लिंबाखाली सगळी वस्ती असायची आणि मला हे काम चोरून करायचंच नव्हतं. मी भरपूर रस्सा घालून ताटली ठेवली, तांबड्यानं तोंड खुपसलं आणि मी गळ्यात दोरी घालून गाठ मारली. त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही. ताटली चाटून झाली, तेव्हा मी उठले आणि सगळ्यांच्या देखत डालगं उचललं.

कोंबडी बाहेर आली. तिच्यामागं पिल्लं. तांबड्याचे कान उभे राहिले, त्यानं झेप घेतली आणि ठक! ओंडका गुडघ्यांवर. पुन्हा झेप, पुन्हा ठक. मग तो खाली बसला आणि ओंडक्याकडं असा बघू लागला, की हे माझ्या अंगाला कधी फुटलं? ठिपक्यांचं पिल्लू त्याच्या नाकासमोरून दाणा टिपत गेलं. कुडापलीकडं काळा उभा होता, तो वळला आणि मळ्यात निघून गेला.

लिंबाखालून काकाजी तरातरा आले. "कोनं बांधलं हे?"

"मी बांधलं."

आमचे हे अर्धी दाढी करून दारात आले, बाहेरचा रंग पाहिला आणि तसेच आत गेले.

"सूनबाई, हे गुराढोराचं काम हाय. कुत्र्याच्या गळ्यात कोनी लोढनं बांधते काय?"

"काहून नाही? तुमी 'जनावर' म्हटलं होतं, काकाजी. बकरीनं कोबी खाल्ली तं नुकसान, अन् कुत्र्यानं कोंबड्या खाल्ल्या तं काय परसाद?"

कुणीतरी फिसकन हसलं. काकाजींचा चेहरा लाल झाला. "मळा कोन राखन मंग? चोर आला तं हे कुत्रं लोढनं घेऊन धावन काय?"

"राती आपल्या अंगनात दोरी लावून बांधा. भुंकाले कुठं पाय लागते?"

ते पुढं झाले आणि गाठ सोडायला वाकले. मोठा माणूस, त्याचा हात मी कसा धरणार? तोच मामी ओट्यावरून उतरल्या. एवढीशी बाई, पण छप्पन साली धम्मदीक्षेला नागपूरला पायी गेलेली. त्या येऊन कुत्र्याच्या आणि काकाजींच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"माह्या बकरीच्या गळ्यात तुमी लोढनं बांधलं, तवा मी हूं की चूं केलं नाही. रोज तिचे गुडघे चोळले, पन गाठीले हात लावला नाही. काहून? तं तुमी म्हटलं होतं, मालकानं मधात बोलाचं नाही. आता मालक तुमी. बोलू नोका."

लिंबाखालचे एक म्हातारेबुवा, ज्यांचा गोऱ्हा असंच लोढणं घेऊन उन्हाळाभर फिरला होता, तिथूनच ओरडले, "बोलून बसले तुमी काकाजी, आता निभवा!" आणि सगळे हसायला लागले. बायका दारांतून पदर तोंडाला लावून हसत होत्या. काकाजी सरळ उभे राहिले. माणूस कडक, पण शब्दाचा पक्का. त्यांनी हात मागं घेतला.

"कवा सोडशीन?"

"पिल्लं कुडावर उडून बसाले लागले की."

ते गेले. तांबडा त्यांच्यामागं ठकठक करत गेला. मी घरात आले, भिंतीला टेकले आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे अर्ध्या दाढीनं म्हणाले, "आता पान्याचं काय?" मामींनी घागर उचलली, आपणच काकाजींच्या विहिरीवर गेल्या आणि भरून घेऊन आल्या. कुणी अडवलं नाही.

त्या हिवाळ्यात एकही पिल्लू गेलं नाही. घारीनं एकावर झडप घातली होती, पण कोंबडीनं तिचीच पिसं काढली. काळ्याला काकाजी आपणहून दिवसा बांधू लागले. पिल्लं कुडावर बसू लागली तशी मी बोलल्याप्रमाणे तांबड्याचं लोढणं सोडलं. तोवर त्याची खोड मोडली होती. सकाळी भाकरीसाठी यायचा, कोंबड्यांमध्येच बसायचा आणि एखादी त्याच्या पाठीवर चढली तर नुसता उसासा टाकायचा.

ठिपक्यांच्या पिल्लाचा कोंबडा झाला. काय कोंबडा होता तो! लालबुंद तुरा, छाती पुढं काढून चालणार. उन्हाळ्यात काकाजींकडं अकोल्याचा जावई आला. नवा जावई, पहिलीच खेप. काकाजी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि यांना म्हणाले, "तुमचा तो ठिपक्याचा कोंबडा पाहिजे होता. जावई आला हाय. काय घ्याचं ते घ्या."

"घेऊन जा नं, काकाजी," हे लगेच म्हणाले. "त्यात काय इचाराचं?" आणि उठून कोंबड्यामागं निघालेसुद्धा.

आतून मामींचा आवाज आला, "बस खाली."

हे थांबले. मामी पिठाचे हात घेऊन दारात आल्या होत्या.

"कोंबडा काय तुया हाय? का माह्या हाय? ज्या बाईचा हाय ते बाई समोर उभी हाय." मग काकाजींकडं वळून म्हणाल्या, "पाहिजे असन तं तिले इचारा."

काकाजींनी घसा खाकरला. माझ्याकडं वळले. मळ्याचा मालक, सगळी वस्ती ज्याचं ऐकते तो माणूस, मला विचारत होता, "काय म्हनता सूनबाई, देता काय कोंबडा?"

आणि मी म्हटलं, "नाही."